हीटिंगचा थर्मोस्टॅट, टायमर आणि गॅसचं बिल: यूकेत आलेल्या मराठी घरांचे नेहमीचे प्रश्न

मी ११ वर्षं लीड्सला राहतेय आणि दरवर्षी दिवाळीचा फराळ संपत आला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच, "ताई, पहिलं बिल आलंय, एवढं कसं काय?" मग मी जाऊन बघते तर हॉलवेमधला थर्मोस्टॅट २५ वर, टायमर कायमचा चालू, आणि बेडरूमची खिडकी उघडी कारण आत उकडतंय. यात त्यांची चूक नाही हो, पुण्या-नाशिकच्या घरात कुणी कधी घर गरम केलेलंच नसतं, आणि इथे चावी देताना घर दाखवणारा माणूस बॉयलरकडे नुसतं बोट दाखवून जातो. म्हणून जे प्रश्न परत परत येतात ते सगळे एकदा नीट लिहून काढलेत. मी इंजिनियर नाही, पण हे सगळं स्वतःच्या घरात करून, मीटर बघून, शिकलेलं आहे.

घरात नेमकं काय काय असतं? मला तर सगळे डबे सारखेच दिसतात.

इथल्या बहुतेक घरांत गॅसवर चालणारा बॉयलर असतो, किचनच्या कपाटात किंवा वर बाथरूमशेजारी. तो पाणी तापवतो, पंप ते पाणी पाइपातून प्रत्येक खोलीत भिंतीला लावलेल्या धातूच्या चपट्या पॅनेलमधे, म्हणजे रेडिएटरमधे, फिरवतो आणि गार झालेलं पाणी परत बॉयलरकडे येतं. त्याला सांगणारे तिघं असतात. टायमर किंवा प्रोग्रॅमर सांगतो कधी चालायचं, भिंतीवरचा थर्मोस्टॅट सांगतो घर किती गरम झालं की थांबायचं, आणि रेडिएटरच्या बाजूला १ ते ५ आकडे असलेली जी टोपी असते ती त्या एका खोलीपुरतं ठरवते. टायमरने हो म्हटलं आणि थर्मोस्टॅटनेही हो म्हटलं तरच बॉयलर पेटतो, दोघांपैकी एकानेही नाही म्हटलं की बंद. एवढं लक्षात आलं की "थर्मोस्टॅट २३ वर केला तरी काहीच होत नाहीये" याचं उत्तर मिळतं, टायमर बंद वेळेत असतो.

थर्मोस्टॅट ३० वर केला तर घर लवकर गरम होतं ना?

नाही. हा गैरसमज सगळ्यात महाग पडतो. दूध तापत ठेवलंय आणि शेजारी कुणाला उभं केलंय की वर आलं की गॅस बंद कर, थर्मोस्टॅटचं काम एवढंच आहे. त्या माणसाला "अजून उशिरा बंद कर" सांगितलं म्हणून दूध लवकर तापत नाही, फक्त उतू जातं. बॉयलर त्याच्या वेगानेच तापवणार, १५ वरून २० ला यायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागणार, मग तुम्ही २० लावा नाहीतर ३०. फरक एवढाच की ३० लावलं तर तो २० ला थांबणार नाही, पुढे जातच राहणार, आणि तुम्ही तासाभराने घाम पुसत खिडकी उघडणार. आपल्याकडे एसी १६ वर लावतात ना खोली पटकन गार व्हावी म्हणून, तोच प्रकार उलटा. भारतात २०२० पासून नवीन एसी चालू केला की २४ वरच सुरू होतो ते याच सवयीवर उपाय म्हणून.

मधेच टक् आवाज येतो आणि बॉयलर बंद होतो, परत थोड्या वेळाने चालू. बिघडलाय का?

बिघडलेला नाही, तेच त्याचं काम आहे. घरातली इस्त्री आठवा, लाल दिवा जातो येतो जातो येतो. आतमधे दोन वेगळ्या धातूंची चिकटवलेली पट्टी असते, तापली की एक धातू जास्त वाढतो, पट्टी वाकते आणि वीज तुटते. जुन्या गोल थर्मोस्टॅटमधे असंच काहीतरी असतं म्हणून तो टक् करतो. नवीन डिजिटलमधे छोटा सेन्सर असतो, आणि तो थोडा हुशार असतो, २० जवळ आलं की बॉयलर पूर्ण वेळ न चालवता थोडा थोडा वेळ चालवतो म्हणजे घर एकदम २१-२२ ला जात नाही. मात्र दर मिनिटाला चालू-बंद होत असेल तर ते बरोबर नाही, तेव्हा बघायला बोलवा.

मग ठेवायचा कितीवर?

इथे साधारण १८ ते २१ सांगतात. जागतिक आरोग्य संघटना घरात निदान १८ असावं म्हणते, आणि म्हातारी माणसं, आजारी माणसं, लहान मुलं असतील तर त्याहून थोडं जास्त. आम्ही संध्याकाळी १९.५ वर असतो, पायात मोजे, अंगात स्वेटर. पहिल्या वर्षी मला २२ सुद्धा कमी वाटायचं, शरीराला एक हिवाळा द्यावा लागतो, त्यामुळे नवीन आलेल्यांना मी लगेच १८ वर आणा असं कधीच सांगत नाही. आज २३ असेल तर आठवड्याला एक एक अंश खाली या आणि जिथे थंडी वाजायला लागेल तिथून अर्धा वर थांबा.

एका अंशाने काय फरक पडतो, असं विचारतात. हिशोब सोपा आहे, घरातून उष्णता किती बाहेर जाते हे आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकावर असतं. बाहेर ६ आहे, आत २१, फरक १५. आत २० केलं तर फरक १४, म्हणजे पंधरातला एक भाग वाचला, साधारण ७ टक्के. घर कसं आहे, ऊन किती येतं यावर कमीजास्त होईल पण एका बोटाने होणारी एवढी बचत दुसरी नाही.

दिवसभर मंद चालू ठेवलं तर स्वस्त पडतं असं शेजारी म्हणतात. खरं का?

इंग्रज शेजारी पण हे अगदी ठामपणे सांगतात आणि ऐकायला पटतं, की एकदा थंड झालेलं घर परत तापवायला जास्त गॅस लागतो. पण गॅसबॉयलरच्या घरात हे खरं नाही. वर सांगितलं ना, घर जेवढं गरम तेवढी उष्णता भिंतींतून, काचेतून, छपरातून बाहेर जाणार. तुम्ही ८ तास ऑफिसला आहात आणि घर २० वर आहे तर ते ८ तास तुम्ही बाहेरचा रस्ता तापवताय. घर थंड होऊ दिलं तर ते जसजसं थंड होतं तसतशी गळती कमी होते, आणि परत तापवताना लागणारा गॅस हा मधल्या वेळात वाचलेल्यापेक्षा कमीच असतो. तळाला भोक पडलेली बादली दिवसभर काठोकाठ भरलेली ठेवायची की अंघोळीच्या आधी भरायची, असं मी सांगते आणि मग पटतं.

दोन अपवाद मात्र खरे आहेत. हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता घरात आणणारं विजेवरचं यंत्र) असेल तर तो कमी तापमानाच्या पाण्यावर हळूहळू, जास्त वेळ चालवायचा असतो, त्याला रोज गार करून परत पळवलं तर उलट वीज जास्त खातो. आणि घर खूप दमट असेल, भिंतीला ओल येत असेल, तर घर पूर्ण गार होऊ देऊ नका, १५-१६ च्या खाली जाऊ नये असं ठेवा. स्वतःचंच पटवायचं असेल तर गॅस मीटर वाचा, एक आठवडा दिवसभर चालू, एक आठवडा टायमरवर, साधारण सारख्या थंडीचे आठवडे घ्या. मीटर घनमीटरमधे असेल तर आकडा गुणिले ११ म्हणजे जवळपास तेवढी युनिटं.

टायमर कसा लावू? त्यावर गोल तबकडी आहे आणि दात दात आहेत.

हा जुना मेकॅनिकल टायमर, आणि मला तो फार आवडतो कारण सगळं डोळ्यासमोर असतं. तबकडीवर २४ तास लिहिलेले असतात, प्रत्येक दात १५ मिनिटांचा. काही मॉडेलमधे आत ढकललेला दात म्हणजे चालू, काहींत बाहेर ओढलेला, शेजारच्या कव्हरवर छोटं चित्र असतं ते बघा. सगळ्यात आधी तबकडी फिरवून आत्ताची वेळ बाणासमोर आणा. हे कुणीच करत नाही!! आम्ही पहिल्या घरात गेलो तेव्हा रात्री अडीचला रेडिएटर तापायचे आणि सकाळी सातला बर्फ, आणि भाड्याचं घर देणाऱ्या एजंटने तीन आठवडे "इंजिनियर पाठवतो" एवढंच ऐकवलं. एका रात्री मी पाणी प्यायला उठले, पाइपातला आवाज ऐकून खाली आले, मोबाइलचा टॉर्च लावून तबकडी बघितली तर ती म्हणत होती सकाळचे सात. आधी कधीतरी लाइट गेले असणार, तबकडी तेवढा वेळ थांबली असणार आणि नंतर कुणी फिरवलीच नाही. दोन बोटांनी फिरवली, संपलं काम.

वेळा कशा ठरवायच्या, तर उठायच्या अर्धा तास आधी चालू आणि घराबाहेर पडायच्या अर्धा तास आधी बंद, कारण रेडिएटर बंद झाल्यावरही थोडा वेळ गरम असतात आणि घरातली ऊब लगेच जात नाही. संध्याकाळी यायच्या अर्धा तास आधी चालू, झोपायच्या अर्धा-पाऊण तास आधी बंद. जुनं विटांचं, एकेरी भिंतीचं घर असेल तर सकाळी थोडं आधी, नवीन पॅक घर असेल तर वीस मिनिटं पुरतात. डिजिटल प्रोग्रॅमर असेल तर शनिवार-रविवार वेगळा लावता येतो, काहींत सातही दिवस वेगळे, घरून काम करायचे दिवस ठरलेले असतील तर ते नक्की वेगळे करा.

बटणांपैकी "ट्वाइस" म्हणजे दिवसातून दोनदा ठरलेल्या वेळी, "वन्स" म्हणजे सकाळच्या पहिल्या वेळेपासून रात्रीच्या शेवटच्या वेळेपर्यंत सलग (हे लागलेलं असेल तर दुपारभर रिकामं घर तापतं), "कॉन्स्टंट" किंवा "ऑन" म्हणजे टायमर विसरा. मधेच थंडी वाजली तर "बूस्ट" किंवा "प्लस वन अवर" दाबा, तासाने आपोआप बंद होतं. "ऑन" करून नंतर बंद करू म्हणाल तर विसराल, सगळेच विसरतात.

आणि घड्याळं बदलतात तेव्हा, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, मोबाइल आपोआप बदलतो पण जुना टायमर बदलत नाही. ऑक्टोबरचा तो रविवार बहुतेक दिवाळीच्या आसपासच येतो, कंदील लावायला स्टूल काढलं की टायमरचं घड्याळ पण बघायचं, अशी मी सवयच लावून घेतलीय.

रेडिएटरवरचे १ ते ५ आकडे म्हणजे काय? ५ ला जास्त गरम होतो का?

तो पण छोटा थर्मोस्टॅटच आहे, टोपीच्या आत मेण किंवा द्रव असतो, खोली गरम झाली की तो फुगतो आणि आतली खीळ दाबून पाण्याची वाट बंद करतो. ना वीज ना बॅटरी. डेन्मार्कच्या डॅनफॉस कंपनीने १९४३ मधे ही कल्पना काढली, आणि आजही तीच चालतेय. आकडे म्हणजे खोलीचं तापमान, ३ म्हणजे साधारण २०, २ म्हणजे १६-१७, बर्फाच्या खुणेला फक्त गोठू नये इतपत. बैठकीच्या खोलीत ३, बेडरूममधे २ ते अडीच, पाहुण्यांच्या रिकाम्या खोलीत १. टोपीवर पडदा पडला किंवा समोर सोफा सरकवला तर तिला वाटतं खोली गरम झाली आणि ती लवकर बंद होते, म्हणून मोकळी ठेवा.

एक महत्त्वाचं. ज्या खोलीत भिंतीवरचा मोठा थर्मोस्टॅट आहे तिथल्या रेडिएटरवर अशी टोपी असेल तर ती पूर्ण उघडी, ५ वर ठेवा. नाहीतर काय होतं, टोपी रेडिएटर बंद करते, भिंतीवरच्याला वाटतं अजून २० झालं नाही, तो बॉयलरला चालू ठेव म्हणतो, आणि बाकीचं घर तापत बसतं. कितीतरी घरांत नुसतं हे सुधारून बॉयलर थांबायला लागलाय.

न वापरलेल्या खोल्या पूर्ण बंद करून टाकू का?

दार लावून १ वर ठेवा, पूर्ण बंद नको. किचनमधे कुकरच्या तीन शिट्ट्या होतात, अंघोळीची वाफ असते, आणि आपण कपडे घरातच वाळत घालतो, ही सगळी वाफ फिरत फिरत सगळ्यात थंड भिंतीवर जाऊन बसते. आमच्या कपाटामागे दुसऱ्या वर्षी काळी बुरशी आली, लग्नातल्या शालूच्या पिशवीपर्यंत पोचली होती, तेव्हा जीव अगदी वरखाली झाला. तेव्हापासून कपाट भिंतीपासून वीतभर पुढे, स्वयंपाक करताना एक्झॉस्ट चालू आणि दार बंद, सकाळी दहा मिनिटं खिडकी सताड उघडी आणि मग घट्ट बंद. रेडिएटरवर ओले कपडे टाकू नका, खोली गरम होत नाही आणि ओल वाढते. जमलं तर डिह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र) घ्या, दोन-तीनशे वॅटचा असतो, बंद दाराच्या छोट्या खोलीत कपडे आणि तो, रात्रीत वाळतात.

बॉयलरवर पण दोन नॉब आहेत, नळाचं चित्र आणि रेडिएटरचं चित्र. त्यांना हात लावू का?

लावा. थर्मोस्टॅट सोडून पैसे वाचवायची ही सगळ्यात मोठी जागा आहे आणि कुणी सांगतच नाही. रेडिएटरच्या चित्राचा नॉब म्हणजे बॉयलर रेडिएटरकडे किती गरम पाणी पाठवतो ते. बरेच बॉयलर ७५-८० वर लावून दिलेले असतात. २००५ पासून इंग्लंड-वेल्समधे बसवलेले बॉयलर बहुतेक कंडेन्सिंग प्रकारचे आहेत, म्हणजे जळलेल्या गॅसच्या वाफेतली उष्णता पण ते परत घेतात. पण कधी, तर परत येणारं पाणी साधारण ५५ च्या खाली असेल तेव्हाच. भातावरच्या गार झाकणाला पाणी धरतं आणि तापलेल्या झाकणाला धरत नाही, तसं. ८० चं पाणी पाठवलं तर परत येतानाही ते गरमच असतं, वाफ तशीच धुराड्यातून बाहेर जाते, आणि तुम्ही कंडेन्सिंगचे पैसे देऊन साधा बॉयलर वापरताय.

काँबी बॉयलर असेल (म्हणजे घरात वेगळी पाण्याची टाकी नाही, नळ सोडला की तो लगेच तापवतो) तर रेडिएटरचा नॉब ६० ला आणा, चालतंय वाटलं तर ५५. घर तापायला थोडा जास्त वेळ लागेल, टायमर पंधरा-वीस मिनिटं आधी लावा. कडाक्याच्या थंडीत आठवडाभर परत वाढवायला हरकत नाही. टाकी असेल तर मात्र इंजिनियरला विचारूनच करा, टाकीतलं पाणी ६० पर्यंत तापायलाच हवं, नाहीतर त्यात लीजिओनेला नावाचे जंतू वाढतात.

काँबीवर "इको" बटण असेल तर तेही लावा. ते नसलं की बॉयलर दिवसभर आत थोडं पाणी गरम ठेवतो, फक्त नळाला काही सेकंद आधी गरम यावं म्हणून.

आमच्याकडे टाकी आहे आणि भिंतीवर लाल दिव्याचं "इमर्शन" बटण आहे.

ते म्हणजे टाकीतला रॉड, आपल्या बादलीतल्या हीटरचा थोरला भाऊ. साधारण ३ किलोवॅट, म्हणजे तासाला ३ युनिट वीज, आणि इथे विजेचं युनिट गॅसच्या साधारण चौपट पडतं. बॉयलर चालू असताना ते बटण बंदच हवं, बॉयलर बिघडला तरच वापरा. गरम पाण्याचा टायमर वेगळा असतो, सकाळी एक तास पुरतो बहुतेक घरांना, टाकीला जाडजूड जॅकेट असेल तर संध्याकाळपर्यंत कोमट राहतं. गावाकडे बंब एकदा पेटवला की सगळ्यांच्या अंघोळी उरकायच्या, त्याच चालीवर एकामागून एक अंघोळी केल्या तर टाकी परत तापवावी लागत नाही.

फ्लॅटमधे बॉयलरच नाही, भिंतीला जाड जड हीटर आहेत आणि संध्याकाळी गारच असतात.

हे स्टोरेज हीटर. आत विटा असतात, त्या रात्रीच्या स्वस्त विजेवर तापतात आणि दिवसभर ऊब सोडतात. यासाठी इकॉनॉमी सेव्हन नावाचा विजेचा प्लॅन असतो, रात्रीचे ७ तास स्वस्त आणि दिवसाची वीज उलट नेहमीपेक्षा महाग. वर दोन नॉब, "इनपुट" म्हणजे रात्रीत किती साठवायचं, "आउटपुट" म्हणजे साठवलेलं किती वेगाने सोडायचं. संध्याकाळी गार का, तर आउटपुट कायम फुल ठेवलेला असतो, सगळी ऊब सकाळीच रिकाम्या घरात संपते. झोपताना आणि बाहेर जाताना आउटपुट बंद, घरी आल्यावर उघडा. उद्या थंडी जास्त आहे असं दिसलं तर आज रात्रीच इनपुट वाढवा, दुसऱ्या दिवशी दुपारी वाढवून काही उपयोग नाही. आणि आधी खात्री करा की तुमचा प्लॅन खरंच इकॉनॉमी सेव्हन आहे आणि स्वस्त तास कोणते, भागाप्रमाणे बदलतात.

बाळ झालंय, आई आलीय मालिश-अंघोळीला. ती म्हणते २५ ठेवा, बाळाला थंडी वाजेल.

हा प्रश्न मी मनापासून लांब लिहितेय. इथे बाळाच्या झोपायच्या खोलीचं तापमान १६ ते २० सांगतात, ललबाय ट्रस्ट ही संस्था हेच सांगते, आणि त्याचं कारण बिल नाही. झोपेत बाळाचं अंग जास्त तापणं धोक्याचं असतं. २५ ची खोली, वर टोपडं, दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं आणि त्यावर दुलई, असं झोपवू नका, घरात झोपताना टोपडं काढा. बाळाच्या हातापायाला नाही तर मानेला मागून हात लावून बघा, घाम असेल तर एक थर कमी.

पण आईचं म्हणणं मालिशच्या वेळेपुरतं अगदी बरोबर आहे, उघडं ओलं बाळ १८ मधे कुडकुडणारच. तेव्हा त्या एका खोलीच्या रेडिएटरची टोपी अर्धा तास आधी ५ वर, भिंतीवरचा थर्मोस्टॅट २३ वर, दार बंद, मालिश-अंघोळ-धुरी सगळं झालं की परत खाली. फक्त ती धुरी स्मोक अलार्मपासून लांब, खिडकी किलकिली ठेवून, आणि शेगडी घरात नाहीच, निखाऱ्यांचा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू दिसत नाही आणि वास पण येत नाही. थंडीसाठी घरात कधीही कोळसा पेटवू नका, गॅसचा ओव्हन उघडा ठेवून खोली तापवू नका. बॉयलर असलेल्या घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच.

आणि सासू-सासरे, आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत तर त्यांच्या बाबतीत काटकसर करू नका. ते दिवसभर घरात बसून असतात, हालचाल कमी, आणि थंडीने रक्तदाब वाढतो. ते "आम्हाला चालतं रे" म्हणतात, कारण तुमचं बिल त्यांना दिसतं. ते बसतात त्या खोलीत २१ ठेवा, दुपारची वेळ टायमरमधे घाला, आणि त्यांना बूस्टचं बटण दाखवून ठेवा, बटणाशेजारी मराठीत चिठ्ठी चिकटवा. माझ्या बाबांना मी "इथे दाबा, एक तास ऊब" असं लिहून दिलं होतं, ते अजून तिथेच आहे.

स्मार्ट थर्मोस्टॅट घ्यावा का? हाइव्ह, टाडो?

घरात यायची-जायची वेळ रोज बदलते, शिफ्ट आहे, बाहेर पडताना बंद करायला विसरता, तर हो, फोनवरून बंद करता येतं आणि काही तर सगळे घराबाहेर गेले की स्वतः कमी करतात. दिवसभर कुणीतरी घरी असतं आणि टायमर नीट लावलेला आहे, तर फार काही वाचणार नाही. पैसे वाचतात ते वेळापत्रकामुळे, डब्यामुळे नाही. स्वतः बसवू नका, जुन्या थर्मोस्टॅटमागे बऱ्याचदा २३० व्होल्टच्या वायरी असतात. आणि तो कुठे बसवायचा ते सांगा, रेडिएटरच्या वर नको, उन्हात नको, टीव्हीमागे नको, बाहेरच्या दारासमोर नको, आतल्या भिंतीवर साधारण छातीच्या उंचीला.

मी स्टुडंट आहे, शेअर घरात राहतो, थर्मोस्टॅट घरमालकाने कुलपात ठेवलाय.

तुझ्या हातात तुझ्या खोलीची रेडिएटरची टोपी आहे, आणि वेळा बदलून मागायचा हक्क आहे, लेखी, ईमेलने माग. रेडिएटर वरून गार आणि खालून गरम असेल तर आत हवा अडकलीय, छोट्या चावीने काढता येते, घरमालकाला सांग. गॅसची सुरक्षा तपासणी दरवर्षी गॅस सेफ नोंदणी असलेल्या माणसाकडून करून घेणं हे त्याच्यावर कायद्याने बंधनकारक आहे, त्याचा कागद माग. फॅन हीटर घेतलास तर लक्षात ठेव, २ किलोवॅटचा तासाला २ युनिट खातो, अंगावर घ्यायचं इलेक्ट्रिक ब्लँकेट त्याच्या कितीतरी कमी. अभ्यासाला बसताना खोली नाही, स्वतःला गरम ठेव.

प्राइस कॅप आहे ना, मग बिल ठरावीकच येईल?

नाही. ऑफजेम म्हणजे इथली गॅस-विजेवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था, तिची कॅप (कंपनीने जास्तीत जास्त किती घ्यायचं त्याची मर्यादा) एका युनिटच्या दरावर आणि रोजच्या स्टँडिंग चार्जवर, म्हणजे वापर असो नसो लागणाऱ्या रकमेवर असते, एकूण बिलावर नाही. टीव्हीवर जो वर्षाचा आकडा सांगतात तो एका ठरावीक वापराच्या घराचा. जास्त वापरलं तर जास्त येणार. दर तीन महिन्यांनी बदलते, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. स्मार्ट मीटर (स्वतःच रीडिंग पाठवणारा) नसेल तर बदलाच्या दिवशी रीडिंग पाठवा, नाहीतर कंपनी अंदाजाने बिल लावते.

आम्ही जर्मनीत आहोत / अमेरिकेत आहोत, हे सगळं लागू आहे का?

तत्त्व तेच, डबे वेगळे. जर्मनीत फ्लॅटमधे बहुतेक भिंतीवर थर्मोस्टॅट नसतोच, रेडिएटरवरच्या टोप्याच सगळं ठरवतात, आणि इमारतीच्या हीटिंगच्या खर्चातला ५० ते ७० टक्के भाग तुमच्या वापराप्रमाणे लागतो, म्हणून रेडिएटरवर तो छोटा मोजणारा डबा चिकटवलेला असतो. खिडकी तिरकी उघडी ठेवून खाली रेडिएटर चालू, हे तिथे सगळ्यात महागात पडतं, पाच-दहा मिनिटं पूर्ण उघडून बंद करायची. अमेरिकेत गरम हवा फेकणारा फर्नेस असतो, घर लवकर तापतं, त्यामुळे टायमरचा फायदा चांगला होतो. तिथलं ऊर्जा खातं सांगतं की दिवसाचे ८ तास ७ ते १० फॅरनहाइटने खाली ठेवलं तर वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाचू शकतं.

डिसेंबरमधे महिनाभर भारतात जातोय, सगळं बंद करून जाऊ?

नका जाऊ. पाइप गोठून फुटले तर छतातून पाणी येतं आणि महिनाभर कुणाला कळत नाही. थर्मोस्टॅट १२ च्या आसपास ठेवा, टायमर कायम चालूवर ठेवा म्हणजे रात्रीही तो लक्ष देईल, आणि घराच्या इन्शुरन्सच्या कागदात रिकाम्या घरासाठी तापमानाची अट असते ती वाचा. पोटमाळ्याचं छोटं दार थोडं उघडं ठेवा, वरच्या पाइपांना ऊब मिळते. इमर्शनचं बटण बंद, गरम पाण्याचा टायमर बंद.

बॉयलरमधून एक पांढरा प्लास्टिकचा पाइप भिंतीबाहेर जातो तो पण बघून ठेवा, त्यातून थेंब थेंब पाणी जातं आणि तो गोठला की बॉयलर गुडगुड आवाज करून बंद पडतो. २०१८ च्या मार्चमधल्या त्या मोठ्या थंडीत आमचा गोठला होता, पहाटे पाच वाजता मी कोमट पाण्याची किटली घेऊन मागच्या अंगणात गुडघाभर बर्फात उभी होते (उकळतं पाणी ओतायचं नाही, पाइप तडकतो), तीन किटल्या झाल्यावर आतून टपकन बर्फाचा तुकडा सुटला, रिसेट दाबलं आणि बॉयलर पेटला. आता त्या पाइपाला फोमचं वेष्टन आहे, बिल्डिंगच्या सामानाच्या दुकानात मीटरवर मिळतं. शेजाऱ्याकडे एक चावी ठेवा आणि फार थंडीच्या दिवशी एकदा आत डोकवायला सांगा, येताना त्यांच्यासाठी चिवड्याचं पाकीट आणा, आमच्या शेजारच्या आजी तर आता नोव्हेंबरपासूनच विचारतात, यंदा कधी जाताय म्हणून.